अपग्रेडनंतर दोन दिवसांनी टूल बंद पडतं: लिबआयसीयू सापडत नसेल तर काय बघायचं

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते. "परवापर्यंत चालू होतं, मी काहीच केलं नाही." आणि सोबत टर्मिनलचा फोटो: शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही, लिबआयसीयूयूसी.एसओ.६७ ही फाइल सापडत नाही. आकडा कधी ६७ असतो, कधी ७०, कधी ७२. बाकी ओळ तीच. आयसीयू ही युनिकोड मजकूर हाताळणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड, आणि हा आकडा तिची आवृत्ती.

जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं कमांड-लाइन टूल आहे. टूल दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे, सोर्स खुला आहे. त्याची डेबियन, उबुंटू आणि आर्च या लिनक्सच्या प्रकारांसाठीची पॅकेजं मी नाशिकमध्ये बसून, नोकरी सांभाळून तयार करते. वापरणारे मोजके, पण त्यांचं काम त्यावर अडतं. भद्रकालीतला एक छापखाना आहे, त्यांच्याकडे वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांच्या फायली जुन्या फॉन्टांत पडून आहेत. पंचवटीतल्या एका वाचनालयाची ग्रंथयादी आहे. गंगापूर रोडवर राहणारे दोन-तीन विद्यार्थी आहेत. हे टूल बंद पडलं की छापखान्यातल्या काकांसमोर दोनच पर्याय उरतात: थांबायचं, नाहीतर शंभर पानं पुन्हा टाइप करायची. म्हणून ही अडचण मी एवढी मनावर घेतली.

दीड वर्षात ही तक्रार माझ्याकडे पाच वेळा आली. पहिल्या तीन वेळा मी त्या सिस्टिमवर पॅकेज नव्याने बांधून दिलं, ते चाललं, आणि विषय मिटला असं समजले. तो मिटलेला नव्हता. कारण पॅकेजमध्येच होतं, आणि ते मीच तिथे ठेवलेलं होतं.

आधी ज्यांचं काम अडलंय त्यांच्यासाठी

टूल बंद पडलं असेल आणि डेबियन किंवा उबुंटू असेल, तर टर्मिनलमध्ये 'एपीटी पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव लिहून बघा (एपीटी म्हणजे तिथे पॅकेजं बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम). दोन ओळी महत्त्वाच्या: सध्या बसलेली आवृत्ती आणि बसू शकणारी आवृत्ती. बसलेल्या आवृत्तीच्या शेपटीला जुन्या डेबियनचं नाव दिसत असेल, उदाहरणार्थ सिस्टिम बुकवर्म (डेबियन १२) आहे पण शेपटी बुलसाय (डेबियन ११) म्हणते, तर तुमच्याकडे जुनंच पॅकेज आहे. सोर्सेसच्या यादीत आमच्या रिपॉझिटरीची, म्हणजे जिथून पॅकेज उतरतं त्या साठ्याची, ओळ चालू आहे का ते तपासा. उबुंटू एका रिलीजवरून दुसऱ्यावर नेताना बाहेरच्या रिपॉझिटऱ्या आपोआप बंद केल्या जातात, आणि त्या परत चालू करायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. ओळ चालू करा, तिच्यातलं रिलीजचं नाव बदला, 'एपीटी अपडेट' करा, आणि टूल काढून पुन्हा बसवा. नुसतं वरून बसवू नका, आधी काढा. का ते खाली येईलच.

सिमलिंक करू नका. हा उपाय इतक्यांनी इतक्यांना सांगितला आहे की त्यावर थांबायला हवं. सिस्टिममध्ये लिबआयसीयूयूसी.एसओ.७२ आहे, टूल ६७ मागतंय, मग ७२ लाच ६७ चं नाव देऊन टाकू, असा तो विचार. इतर काही लायब्ररींच्या बाबतीत हे चालूनही जातं. आयसीयूच्या बाबतीत चालत नाही, कारण तिथे आवृत्तीचा आकडा फाइलच्या नावापुरता नसतो. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला तो चिकटवलेला असतो. टूल शोधतं 'यू_एसटीआरटूअप्पर_६७', आणि नव्या फाइलमध्ये असतं 'यू_एसटीआरटूअप्पर_७२'. मग चूक बदलते, 'फाइल सापडली नाही' ऐवजी 'सिम्बॉल सापडला नाही' असं येतं, आणि पुढे तपासणाऱ्याला मूळ दुखणं दिसेनासं होतं. असा सिमलिंक आधीच केला असेल तर तो पहिल्यांदा काढा.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे जुन्या रिलीजमधलं लिबआयसीयू६७ चं डेब, म्हणजे डेबियनची पॅकेज फाइल, कुठून तरी मिळवून हाताने बसवणं. टूल चालू होतं, हे खरं. पण त्या लायब्ररीला त्यानंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, आणि ती बाहेरून आलेला अनोळखी मजकूर वाचण्याचं काम करते. एका ठिकाणी तर ते डेब ओळखीतून पेनड्राइव्हवर आलेलं होतं. डेब बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात. कुणी दिलेलं, कुठून घेतलेलं, याचा पत्ता नसलेलं डेब बसवू नका, मग काम कितीही अडलेलं असो.

मला कारण कसं सापडलं

गेल्या दिवाळी अंकाच्या कामात काकांचा फोन आला. "अगं, ते परत बंद पडलं. आणि अपग्रेड शनिवारी केलंय, शनिवारी-रविवारी चालू होतं, आज नाही."

या वेळी मी पॅकेज पाठवून दिलं नाही. इंदिरानगरहून स्कूटर काढली आणि भद्रकालीत जाऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसले. अपग्रेडने लायब्ररी बदलली असती तर टूल शनिवारीच पडायला हवं होतं. ते सोमवारी का पडलं, एवढा एकच प्रश्न मी त्या दिवशी घेऊन गेले होते. आधीच्या तिन्ही वेळा 'परवापर्यंत चालू होतं' हे मी ऐकलं होतं आणि लोक सांगताना दिवस चुकवतात असं धरून चालले होते. लोक बरोबर सांगत होते.

एपीटी जे काही बसवतं आणि काढतं त्याची नोंद ठेवतं. व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी, आणि तिथे हिस्ट्री.लॉग. जुन्या महिन्यांच्या नोंदी तिथेच दाबून ठेवलेल्या असतात, त्या झेडग्रेपने वाचता येतात. लिबआयसीयू शोधलं आणि दोन नोंदी निघाल्या. शनिवारी लिबआयसीयू७२ नव्याने बसलं होतं. सोमवारी सकाळी 'एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवलं गेलं होतं आणि त्यात लिबआयसीयू६७ काढलं गेलं होतं. डिस्क भरत आली म्हणून काकांच्या पुतण्याने साफसफाई केली होती. एपीटी स्वतःच प्रत्येक वेळी सुचवतं, की ही पॅकेजं आता कुणाला लागत नाहीत, काढून टाका. त्याने सांगितलं तसं केलं. त्याची काहीच चूक नव्हती.

डेबियनमध्ये लिबआयसीयू६७ आणि लिबआयसीयू७२ ही वेगवेगळी पॅकेजं आहेत, नावातच आकडा आहे, आणि दोन्ही एका सिस्टिमवर शेजारी शेजारी राहू शकतात. डेबियन ११ मध्ये ६७ होतं, १२ मध्ये ७२ आहे, १३ मध्ये ७६. उबुंटूत २२.०४ ला ७० आणि २४.०४ ला ७४. अपग्रेड केल्यावर नवं येतं, पण जुनं लगेच जात नाही. म्हणून टूल दोन दिवस चालत राहतं. मग ऑटोरिमूव्ह विचारतं, लिबआयसीयू६७ वर आता कोण अवलंबून आहे? आमच्या टूलने 'मी' म्हणायला हवं होतं. ते गप्प राहिलं, कारण पॅकेजला काय काय लागतं हे जिथे लिहितात त्या कंट्रोल फाइलमध्ये लिबआयसीयूचं नावच नव्हतं.

नाव का नव्हतं याचं उत्तर माझ्याकडेच होतं. सुरुवातीला मी डेब हाताने बांधत होते. कंट्रोल फाइलमधली डिपेंड्सची ओळ हाताने लिहिलेली, त्यात सी लायब्ररी आणि सी++ ची लायब्ररी, बस. बसवून बघितलं, माझ्या लॅपटॉपवर चाललं. काकांकडे चाललं. वाचनालयात चाललं. चालणारच होतं: लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला आयसीयू लागतं, आणि लिबएक्सएमएल२ नसलेला डेस्कटॉप शोधून सापडायचा नाही. आमचं टूल दुसऱ्याच्या डिपेंडन्सीवर फुकट जगत होतं. अपग्रेडमध्ये लिबएक्सएमएल२ नव्या आयसीयूकडे गेलं आणि जुन्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही.

पॅकेज बनवणाऱ्यांनी काय बदलायचं

डिपेंड्सच्या ओळीत शेअर्ड लायब्ररींची नावं हाताने लिहू नका. तिथे 'एसएचलिब्स' च्या डिपेंड्सचं व्हेरिएबल टाका आणि डेबहेल्पर या डेब बांधण्याच्या साधनाने नीट बांधणी करा. बांधणीच्या शेवटी डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हा प्रोग्रॅम तयार झालेली बायनरी (चालवता येणारी फाइल) उघडतो, ती कोणकोणत्या .एसओ मागते ते वाचतो, त्या कोणत्या पॅकेजातून येतात ते शोधतो, आणि ती यादी त्या व्हेरिएबलच्या जागी भरतो. डेबियन १२ वर बांधलंत तर लिबआयसीयू७२ येईल, १३ वर बांधलंत तर लिबआयसीयू७६. तुम्हाला आकडा माहीत असायचीही गरज नाही.

बायनरी काय मागते हे स्वतः बघायचं असेल तर रीडएल्फला '-डी' देऊन 'नीडेड' लिहिलेल्या ओळी वाचा. एलडीडीही दाखवतं, आणि 'नॉट फाउंड' असं स्पष्ट लिहून दाखवतं, म्हणून वापरणाऱ्यांना मी तेच सांगते. पण बाहेरून आलेल्या, खात्री नसलेल्या बायनरीवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत ते ती बायनरीच चालवून बघतं, हे त्याच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं आहे.

मग प्रत्येक रिलीजसाठी वेगळी बांधणी आलीच. एकच डेब सगळ्यांना पुरत नाही. लाँचपॅड या उबुंटूच्या सेवेवर पीपीए, म्हणजे स्वतःची रिपॉझिटरी, असेल तर जॅमीचं (२२.०४) पॅकेज नोबलमध्ये (२४.०४) कॉपी करताना दोन पर्याय दिसतात, तयार बायनरी उचलायची की सोर्स घेऊन पुन्हा बांधायचं. पहिला पटकन होतो आणि नेमका तोच इथे चुकीचा आहे. त्या बायनरीत ७० च कोरलेलं असतं.

आता शेपटीची गोष्ट. ही मला जास्त लागली, कारण इथे दुरुस्ती करूनही दुरुस्ती पोहोचत नव्हती.

डिपेंडन्सी नीट केली, डेबियन ११ आणि १२ साठी वेगळी डेब बांधली, रिपॉझिटरीत ठेवली. वाचनालयातल्या मशीनवर अपग्रेड झालं, आणि एपीटी म्हणालं, सर्वात नवीन आवृत्ती आधीच बसलेली आहे. बसलेली तर ११ चीच होती. मी आवृत्तीच्या शेवटी टिल्ड (~) देऊन रिलीजचं नाव लावत होते: ११ साठी '२.४-१~बुलसाय१' आणि १२ साठी '२.४-१~बुकवर्म१'. वाचायला छान. पण डीपीकेजी, म्हणजे एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, आवृत्त्यांची तुलना करतं ती अक्षरं बघून. रोमन लिपीत दोन्ही नावांचं पहिलं अक्षर बी. दुसरं अक्षर बुलसायचं यू, बुकवर्मचं ओ. यू हे ओच्या नंतर येतं, म्हणून डीपीकेजीच्या लेखी बुलसाय मोठं, बुकवर्म लहान. नवं पॅकेज त्याला जुनं वाटतं, आणि एपीटी स्वतःहून आवृत्ती खाली नेत नाही. वर 'आधी काढा, मग बसवा' म्हटलं ते याचसाठी.

आकडे वापरा. '~डेब११', '~डेब१२', '~डेब१३'. आकड्यांची तुलना आकडे म्हणूनच होते. डेबियन स्वतःच्या सुरक्षा अपडेटना '+डेब१२यू१' अशी शेपटी लावतं, तिथेही रिलीजचं नाव नाही, आकडाच आहे. उबुंटूसाठी '~२२.०४.१' आणि '~२४.०४.१'. फोकल, जॅमी, नोबल ही नावं वर्णक्रमाने वर जातात म्हणून आज कुणाला त्रास होत नाही, पण तो क्रम कायमचा नाही: १७.०४ चं नाव झेड अक्षराचं होतं आणि १७.१० पासून पुन्हा ए सुरू झालं. डेबियनमध्ये तर पुढचा खड्डा समोरच दिसतोय. १३ चं नाव ट्रिक्सी, १४ चं फॉर्की. टी नंतर एफ.

जी पॅकेजं आधीच लोकांकडे नावाच्या शेपटीने गेली आहेत, त्यांच्यासाठी टिल्डच्या आधीचा आकडा एकदा वाढवावा लागतो. मी '२.४-२~डेब१२' केलं. २ हा १ पेक्षा मोठा, तिथेच तुलना संपते. शंका असेल तर डीपीकेजीला 'कम्पेअर-व्हर्जन्स' देऊन दोन आवृत्त्या विचारा, अंदाज नको. आता प्रत्येक रिलीजआधी माझ्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये ही तुलना आपोआप होते.

तपासणी कुठे चुकत होती

मी 'बसवून' बघत होते. लोक मात्र बसवून थांबत नाहीत, ते वर्षानुवर्षं त्याच सिस्टिमवर राहतात, अपग्रेड करतात, साफसफाई करतात. त्यामुळे आता कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या सिस्टिममध्ये, संपूर्ण प्रवास करून बघते. कोरा डेबियन ११ घ्यायचा. त्यात आमचं पॅकेज बसवायचं आणि टूल चालवायचं. कोऱ्या कंटेनरमध्ये लिबएक्सएमएल२ नसतं, त्यामुळे डिपेंडन्सी राहून गेली असेल तर इथेच, पहिल्याच मिनिटाला कळतं. मग सोर्सेसमधली नावं बदलून १२ ला न्यायचं, फुल-अपग्रेड, लगेच ऑटोरिमूव्ह, आणि पुन्हा टूल चालवायचं. मग १३. घरच्या जुन्या मशीनवर याला वेळ लागतो, रात्री लावून झोपते. डेबियनचं पायपार्ट्स हे टूलही बसवणं, अपग्रेड आणि काढणं तपासतं, तेही चालवा. पण ऑटोरिमूव्हनंतर टूल खरोखर मजकूर बदलून देतं का, हे आपणच विचारायचं.

चाचणीचा मजकूर म्हणून माझ्याकडे एक लहान फाइल आहे: तऱ्हा, दऱ्या, वाङ्मय, ज्ञानेश्वर, आणि काही आकडे. 'तऱ्हा' मुद्दाम. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे येऊ शकतो, स्वतंत्र अक्षर म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून, आणि आयसीयूचं नॉर्मलायझेशन या दोन्हींचं एकच रूप करतं. जुने कन्व्हर्टर मात्र कधी कधी र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर असं तिसरंच लिहितात, ते नॉर्मलायझेशनला एक करता येत नाही, टूलला वेगळं हाताळावं लागतं. हा एक शब्द बरोबर आला की मला निम्मा धीर येतो.

वाचनालयासाठी आणखी एक. ग्रंथयादीत ळ हा ह नंतर यावा, मग क्ष, ज्ञ, म्हणून क्रम लावायलाही आयसीयूच वापरलं जातं. त्या क्रमासाठी तयार होणाऱ्या सॉर्ट-की एका आयसीयू आवृत्तीच्या दुसरीला लागू पडतील अशी हमी नसते. त्या कुठे साठवून ठेवल्या असतील तर अपग्रेडनंतर पुन्हा तयार करा, नाहीतर टूल चालतं पण यादी मागेपुढे होते, आणि ते लवकर लक्षातही येत नाही.

आर्चवर

इथे दोन दिवसांची सवलत नसते. आर्चमध्ये अधिकृत आयसीयू एकच, नवं आलं की जुनं जातं, आणि एयूआरमधून, म्हणजे वापरणाऱ्यांनीच ठेवलेल्या बांधणीच्या कृतींच्या साठ्यातून, बांधलेलं टूल त्याच क्षणी पडतं. अधिकृत पॅकेजं आर्चचे लोक नव्याने बांधून एकत्र सोडतात. एयूआरमध्ये फक्त कृती असते, बांधलेलं तुमच्या मशीनवर असतं, ते तुम्हालाच पुन्हा बांधावं लागतं. आर्चचं एपीटी म्हणजे पॅकमॅन; त्याला '-क्यूएम' दिलं की बाहेरून आलेली सगळी पॅकेजं दिसतात, आणि रिबिल्ड-डिटेक्टर या पॅकेजमधला चेकरिबिल्ड त्यातली कोणती तुटली आहेत ते सांगतो. अपडेटनंतर तो चालवायची सवय लावा. आणि अर्धवट अपग्रेड, म्हणजे याद्या ताज्या करून एकच पॅकेज बसवणं, ते आर्चवर करायचंच नाही.

मेंटेनर म्हणून इथे निवड करावी लागते. पीकेजीबिल्ड या बांधणीच्या कृतीच्या फाइलमध्ये नुसतं 'आयसीयू' ऐवजी 'लिबआयसीयूयूसी.एसओ' ही डिपेंडन्सी लिहिली, तर बांधताना त्यात नेमका आकडा भरला जातो, आणि आयसीयू बदलताना पॅकमॅन संपूर्ण अपग्रेडच अडवतो: हे टूल तुटेल, आधी त्याचं बघा. गंगापूर रोडच्या एका विद्यार्थ्याला हे आवडलं नाही. त्याचं म्हणणं, एका लहान टूलपायी ब्राउझरचा सुरक्षा अपडेट का अडकावा. त्याचं म्हणणं मला पटलं. मी आर्चवर साधी डिपेंडन्सी ठेवली, आणि आयसीयू बदललं की त्याच दिवशी पीकेजीरेल (त्या फाइलमधला बांधणीचा क्रमांक) एकने वाढवते, म्हणजे एयूआर हेल्पर वापरणाऱ्यांकडे ते आपोआप पुन्हा बांधलं जातं. आयसीयूच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला साधारण दोन येतात. तेवढं मला सांभाळता येतं.

आयसीयू टूलच्या आतच भरून टाका, हा सल्लाही दर वेळी येतो. एकट्या डेटाची लायब्ररी सुमारे ३० एमबीची आहे आणि टूल दोन एमबीचं. आकाराचं एक वेळ सोडून देऊ. पण मग आयसीयूमधली प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती माझ्याकडून पोहोचायला हवी, आणि मी आजारी पडले किंवा महिनाभर वेळ मिळाला नाही, तर ती पोहोचणार नाही. डिस्ट्रिब्यूशनची सुरक्षा टीम हे काम माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं करते. म्हणून माझं उत्तर अजूनही नाही असंच आहे.

नवीन पॅकेज, म्हणजे '-२' असलेलं, रिपॉझिटरीत आहे. ज्यांच्याकडे '-१' आहे त्यांनी 'एपीटी अपडेट' आणि 'एपीटी अपग्रेड' केलं की ते येईल. त्यानंतर एकदा 'एपीटी शो' करून डिपेंड्सच्या ओळीत लिबआयसीयू दिसतंय का बघा. दिसत असेल तर ऑटोरिमूव्ह निर्धास्त चालवा. दिसत नसेल, किंवा त्यातला आकडा तुमच्या रिलीजचा नसेल, तर मला हिस्ट्री.लॉगमधल्या लिबआयसीयूच्या ओळी आणि 'एपीटी पॉलिसी'चं उत्तर पाठवा. काकांचं मशीन पुढच्या आठवड्यात १३ वर जाणार आहे. पुतण्याला सांगितलंय, साफसफाई त्याच दिवशी कर, मी शेजारी बसलेली असताना.